मूळ इंजिनाला टर्बो की अख्खं टर्बो इंजिनच?

छोट्या गाडीला ४०२ मीटरच्या ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी) तयार करताना मूळ इंजिनालाच टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) जोडणं स्वस्त वाटतं. पण साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) बहुतेकदा १०:१ च्या आसपास किंवा वर असतं. बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) वाढवला की नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकतं, आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. मोठे इंजेक्टर (इंधन फवारणारे) आणि काळजीपूर्वक ट्यूनिंग असेल तर ०.४ बारच्या आसपास बरीच इंजिनं तग धरतात. त्यापुढे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि रॉड आलेच, मग स्वस्ताई उरत नाही.

कारखान्यातूनच टर्बोसाठी घडवलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवणं आम्हाला जास्त पटतं. ज्या गाडीतून काढायचं ती शक्यतो अख्खीच घ्या: ईसीयू (इंजिनाचा संगणक), वायरिंग, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आणि किल्ली एकमेकांशी जुळलेली नसतील तर इंजिन सुरूच होत नाही. माउंट (इंजिन धरणारे आधार) वेल्ड करण्याआधी इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप) आणि बॉनेटची जागा मोजा.

खरी अडचण ड्राइव्हशाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची. आतलं टोक नव्या गिअरबॉक्सचं, बाहेरचं चाकाच्या जुन्या हबचं, म्हणजे शाफ्ट बनवूनच घ्यावे लागतात. माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या. लांबी जास्त झाली तर सस्पेन्शन दबताना जॉइंट आत टेकतो, कमी झाली तर निसटतो. लाँचला (शर्यतीच्या सुरुवातीच्या झेपेला) चाकं उड्या मारू लागली की शाफ्टच आधी तुटतो, म्हणून कडक बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या गाद्या) आधी, बूस्ट नंतर.