सोफुबी कानेगोन: आठ महिने हाताळल्यानंतर

तोक्योतील निशी-कासाई भागात राहायला आल्यापासून सोफुबी, म्हणजे मऊ व्हिनाइल प्लास्टिकची खेळणी, मी दुकानाच्या काचेतूनच पाहत होते. गेल्या नोव्हेंबरात मात्र एका लहान कार्यशाळेने काढलेला, सुमारे 23 सेंटिमीटर उंचीचा कानेगोन घरी आणला. 1966 सालच्या ‘अल्ट्रा क्यू’ या दूरचित्रवाणी मालिकेतले हे पात्र. पैशाच्या हव्यासापायी एका मुलाचा हा राक्षस झाला. त्याचे तोंड बटव्यासारखे आहे आणि नाणी खाल्ल्याशिवाय तो जगत नाही. (खेळण्यांवर पगार उडवणाऱ्या माणसाला याहून योग्य सोबती मिळणे कठीण.) त्याचे रेखाटन नारिता तोहरू यांचे आणि नटाने अंगावर चढवायचा राक्षसाचा पोशाख ताकायामा र्‍योसाकू यांनी घडवलेला. मालिका कृष्णधवल होती, त्यामुळे पडद्यावरून राक्षसाचा रंग कळायची सोयच नव्हती. माझा कानेगोन आकाशी आहे आणि त्याच्या पाठीवर सोनेरी फवारा मारलेला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती डाव्या हाताची. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी हात फिरवायला गेले, तर व्हिनाइल इतके ताठरले होते की खांद्याच्या कडेला बारीक चीर गेली. थोडा दोष माझा, कारण सांधा आधी हेअर ड्रायरने शेकायला हवा होता. पण ती कड एका बाजूने जास्तच खोल कापलेली होती, हेही खरे.

मान शेकून डोके उपसले तेव्हा या खेळण्याची खरी ओळख झाली. आत रंग नाही, नुसते पिवळसर व्हिनाइल, आणि कडेला सुरीचे तिरके घाव. मूळ शिल्पावरून मेणाची प्रत काढतात, तिच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून साचा करतात, साच्यात पातळ व्हिनाइल ओतून तो तापवतात आणि कडेचा थर धरला की उरलेले ओतून टाकतात. मग पुन्हा तापवून, थोडे निववून, कोमट असतानाच कारागीर पक्कडीने ते अरुंद तोंडातून ओढून काढतो. एवढे मोठे डोके एवढ्याशा भोकातून बाहेर येते, ते केवळ त्या उबेमुळे. नव्वदच्या दशकापासून पुढे आलेल्या स्वतंत्र कलावंतांपैकी गारगामेल या खेळण्यांच्या छापाच्या इकेदा कियोका किंवा रिअल हेड या छापाचे मोरी कात्सुरा यांची नावे संग्राहकांच्या तोंडी असतात, ती असावीतच. पण पक्कड धरणाऱ्याचे नाव पिशवीवरच्या पुठ्ठ्यावर मला अजून आढळलेले नाही.

रंग आठ महिन्यांत कुठेही उडाला नाही, अपवाद नाकाच्या टोकाचा, कारण मी तिथेच धरते. जुलैच्या दमटपणात मात्र अंग किंचित चिकट झाले. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुसल्यावर ते गेले. मोठे नुकसान दुसऱ्याच वस्तूचे झाले: कानेगोनच्या पाठीला टेकून उभी असलेली कडक प्लास्टिकची छोटी गाडी तेवढ्याच जागी वितळल्यासारखी झाली, कारण व्हिनाइल मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ हळूहळू बाहेर झिरपतो आणि दुसऱ्या प्लास्टिकला खातो. ही सूचना पिशवीवर छापलेली असती तर बरे झाले असते.

चीर गेलेला हात अजून टिकून आहे. आता तो मी फिरवत नाही. कानेगोन कागदाच्या घडीवर एकटा उभा असतो आणि डोके मात्र आठवड्यातून एकदा तरी शेकून काढले जाते.