लायसन्स अडलं त्या रात्रीपासून : सबटायटल एडिटचे आठ महिने

मागच्या जुलैत माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने चार दिवसांत नवा बसवून दिला. हार्ड डिस्क जुनीच होती, त्यामुळे सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. संध्याकाळी सबटायटलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर पडद्यावर संदेश : हे लायसन्स दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. तीन वर्षं मी त्या सॉफ्टवेअरचे पैसे वेळेवर भरत होते आणि घरात दुसरा संगणक नव्हता.

त्याच रात्री एका २२ मिनिटांच्या लघुपटाची इंग्रजी सबटायटल्स महोत्सवाला जायची होती. दिग्दर्शकाचा फोन आला, "ताई, बाराच्या आत अपलोड करायचंय, फक्त एसआरटी पाठवा." एसआरटी म्हणजे ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल. काम पूर्ण होतं, पण ते त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये होतं. लायसन्सशिवाय फाइल डेमोमध्ये उघडत होती, ओळी दिसत होत्या, पण एक्स्पोर्ट बंद, कॉपी बंद. शेवटी एका बाजूला ती खिडकी, दुसऱ्या बाजूला नोटपॅड ठेवून ३१० ओळी वेळेच्या आकड्यांसकट पुन्हा टाइप केल्या. पावणेबाराला फाइल गेली. कंपनीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सौजन्याने आलं आणि लायसन्स मोकळंही करून दिलं. पण ते तीन दिवस आधी हवं होतं.

या अनुभवानंतर मी सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. मार्च सरेपर्यंत आठ महिने होतील. या काळात लघुपट, शेतीविषयक व्हिडिओ, काही व्याख्यानं आणि एक दीड तासाचा माहितीपट असं काम यावर केलं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आधी लायसन्सबद्दल, कारण विकत घेताना तो भाग आपण वाचतच नाही. बहुतेक विकतची सॉफ्टवेअर्स मशीनला बांधलेली असतात. ॲक्टिव्हेशनच्या वेळी मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्या क्रमांकांवरून त्या संगणकाची एक खूण तयार होते आणि कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाते. यातलं काही बदललं की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो नवाच संगणक. म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी किंवा विंडोज नव्याने टाकण्याआधी डीॲक्टिव्हेट करायचं. मशीन आधीच मेलं असेल, तर बिल, लायसन्स की आणि ज्या ईमेलवर खरेदी झाली तो पत्ता एका मेलमध्ये घालून रीसेट मागायचं. हे तिन्ही मी आता कागदावर छापून कपाटात ठेवते.

एका मैत्रिणीच्या डेस्कटॉपवर 'लायसन्सची मुदत संपली' असा संदेश यायचा, जेव्हा की मुदत वर्षभर बाकी होती. कारण निघालं मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२. ती संपल्यामुळे संगणकाचं घड्याळ दर वेळी काही वर्षं मागे जायचं. तारीख मागे गेलेली दिसली की लायसन्स तपासणारा भाग त्याला लबाडी समजतो. शिवाय चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित वेबसाइटशी जोडणीही होत नाही, म्हणजे सर्व्हरला विचारायचा मार्गही बंद. बॅटरी बदलली, तारीख लावली, काम सुरू झालं. व्हीपीएन चालू असतानाही काही वेळा असा घोळ होतो, कारण त्याने नेटवर्कचं एक वेगळंच कार्ड उभं केलेलं असतं. तक्रार लिहिण्याआधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

परदेशी सबस्क्रिप्शन आपोआप नूतन होईल यावर विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपल्याकडे कार्डावरून आवर्ती पैसे कापायला ग्राहकाची आगाऊ नोंदणी लागते आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपीही. परदेशी कंपनीने ही व्यवस्था जोडलेली नसेल तर हप्ता परत जातो आणि सॉफ्टवेअर थांबतं. डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवर, चालणारी सॉफ्टवेअर्सही आहेत. आपल्या डीटीपीवाल्यांना तो प्रकार ओळखीचा आहे. मला डोंगल मशीनला बांधण्यापेक्षा बरा वाटतो, निदान तो उपसून दुसरीकडे लावता येतो. हरवला की मात्र सगळंच गेलं.

सबटायटल एडिट हे डेन्मार्कच्या निकोलाय ओल्सन यांनी सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. मी वापरलेल्या आवृत्तीचं लायसन्स जीपीएल ३, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा एक प्रचलित परवाना. पहिल्याच आठवड्यात मला एका ग्राहकाने विचारलं, "फुकटचं आहे ना? मग धंद्याच्या कामाला चालतं का?" चालतं. जीपीएल सॉफ्टवेअर वापरून पैसे कमवायला कसलीही आडकाठी नाही. अटी लागू होतात त्या हे सॉफ्टवेअर, बदलून किंवा जसंच्या तसं, दुसऱ्यांना वाटणाऱ्याला. तुम्ही तयार केलेल्या सबटायटल्सवर त्या लायसन्सचा काहीही हक्क पोचत नाही. 'फ्रीवेअर, फक्त वैयक्तिक वापरासाठी' अशी पाटी असलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी, तिथे पैसे घेऊन केलेलं काम नियमबाह्य ठरतं. दोन्ही फुकट दिसतात, म्हणून गफलत होते.

याची पोर्टेबल आवृत्ती मिळते. झिप उघडायची, फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवायचं, कुठल्याही विंडोज संगणकावर चालवायचं. ॲक्टिव्हेशन नाहीच. माझ्या पर्समध्ये तो पेन ड्राइव्ह कायम असतो आणि त्याने मला जी निर्धास्ती दिली आहे ती कुठल्याही सोयीपेक्षा मोठी आहे. गेल्या दिवाळीत मी जुन्या सॉफ्टवेअरच्या एका महिन्याच्या हप्त्याइतकी देणगी पाठवली. ज्यांची कमाई यावर चालते त्यांनी पाठवावी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला नवख्यांना अडतं ते वेव्हफॉर्मपाशी. व्हिडिओ उघडला, पण खाली आवाजाची नक्षी दिसत नाही. त्यासाठी एफएफएमपेग हे आवाज आणि व्हिडिओ हाताळणारं मोफत साधन लागतं, ते सेटिंग्जमधूनच उतरवून घेता येतं. व्हिडिओ प्लेअर म्हणून मी एमपीव्ही निवडला, तोही तिथूनच मिळतो. ऑटो-बॅकअप लगेच चालू करा. पावसात दिवसातून चारदा वीज जायची तेव्हा फाइल मेन्यूतल्या 'रिस्टोअर ऑटो-बॅकअप'ने माझे कितीतरी तास वाचवले.

सबटायटल मागेपुढे होण्याची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि घाईत प्रत्येक ओळ हाताने सरकवायची चूक सगळे करतात. आधी नीट पाहायचं. पहिली ओळ दोन सेकंद उशिरा आणि शेवटचीही दोनच सेकंद, तर सिंक्रोनायझेशन मेन्यूतलं 'ॲडजस्ट ऑल टाइम्स' पुरे. अमुक एका जागेपर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे एकदम उडी असेल, तर संकलकाने मधे काहीतरी कापलं किंवा घातलं आहे. अशा वेळी ती ओळ निवडून तिथून पुढच्याच सरकवायच्या. आणि फरक हळूहळू वाढत जात असेल, तर दोष फ्रेम रेटचा.

हा तिसरा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. फ्रेम रेट म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या. आपलं टीव्ही प्रसारण २५ फ्रेमचं, सिनेमा २४ चा, आणि बऱ्याच डिजिटल प्रती २३.९७६ च्या. चित्रपटाचा वेगच बदलून प्रत काढलेली असेल, तर २५ च्या प्रतीवर केलेली सबटायटल्स २३.९७६ च्या प्रतीवर तासाभरात अडीच मिनिटांहून जास्त चुकतात. तो फरक पहिल्या पाच मिनिटांतच कळतो. २४ आणि २३.९७६ मधला फरक फसवा असतो. तासाला फक्त ३.६ सेकंद, म्हणजे पहिला प्रसंग तपासून फाइल पाठवली तर सगळं ठीक वाटतं आणि शेवटच्या प्रसंगात पात्र गप्प असताना त्याचं वाक्य उमटतं. म्हणून मी दर फाइलची सुरुवात, मध्य आणि शेवट तीन ठिकाणी बघते. उपाय दोन : 'चेंज फ्रेम रेट', किंवा 'पॉइंट सिंक'. पॉइंट सिंकमध्ये सुरुवातीची आणि शेवटची एकेक ओळ हाताने बरोबर जागी बसवायची, मधल्या सगळ्या त्या प्रमाणात बसतात.

मोबाइलवर चित्रित केलेलं व्याख्यान आलं की सावध राहायचं. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटवर चित्रण करतो आणि फ्रेम मोजून वेळ काढणारी साधनं तिथे चुकतात. मी आता असा व्हिडिओ आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घेते आणि मगच पहिली ओळ टाइप करते. हे मला दीड तासाच्या माहितीपटाने शिकवलं. त्याचं अर्धं काम मला पुन्हा करावं लागलं.

आता देवनागरी. मराठीत काम करणाऱ्याचा खरा वेळ इथे जातो.

ग्राहकाने फाइल उघडली, एक शब्द बदलला, सेव्ह केली आणि सगळीकडे प्रश्नचिन्हं आली. त्याच्याकडचं जुन्या विंडोजचं नोटपॅड फाइल एएनएसआय या जुन्या अक्षरसारणीत सेव्ह करतं, आणि त्यात देवनागरीला जागा नाही. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिपी सामावणारी पद्धत, हीच मूळ ठरवलेली आहे. प्रश्नचिन्हं झालेली फाइल परत येत नाही, मूळ प्रतच शोधावी लागते. पण प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' (à) पुन्हा पुन्हा दिसत असेल तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि चुकीच्या सारणीतून वाचलं की त्यातला पहिला बाइट असा दिसतो. मजकूर शाबूत असतो, एन्कोडिंग बदलून उघडला की झालं.

दुसरी अडचण निव्वळ मराठीची. दऱ्या आणि दर्या. एकीकडे डोंगरातल्या दऱ्या, दुसरीकडे समुद्र. 'दऱ्या'तला हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो : खाली टिंब असलेल्या 'ऱ'ने, किंवा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. माझी एक फाइल ग्राहकाने कुठल्याशा ऑनलाइन साधनातून 'स्वच्छ' करून आणली. त्याने न दिसणारी चिन्हं पुसली आणि सह्याद्रीवरच्या माहितीपटात दर्याखोर्या अवतरल्या. तेव्हापासून मी नेहमी 'ऱ' वापरते. तुमच्या कळफलकावर तो कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.

ओळीतल्या अक्षरांच्या मोजणीकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. ओळीला ४२ अक्षरं ही मर्यादा लॅटिन लिपीच्या हिशेबाने बरीच रूढ आहे. 'प्रार्थना' या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत नऊ चिन्हं भरतात. त्यामुळे मराठी ओळ कारण नसताना मर्यादेबाहेरची ठरून लाल होते. मी मराठीसाठी सेटिंगमधली मर्यादा वाढवली आणि शेवटचा निर्णय मोठ्याने वाचून घेते. नेहमीच्या चुका आपोआप सुधारणारं 'फिक्स कॉमन एरर्स' उत्तम आहे, पण त्यातले काही नियम इंग्रजीपुरते आहेत. मराठी फाइलवर चालवण्याआधी त्या नियमांपुढच्या खुणा काढून टाका आणि प्रत्येक बदल बघूनच मान्य करा.

व्हिडिओवर कायमची सबटायटल्स छापताना पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं सुटली, तर दोष तुमच्या टायपिंगचा नसतो. अक्षरं जोडून मांडण्याचं काम लिबास आणि हार्फबझ हे एफएफएमपेगसोबत येणारे दोन भाग करतात. वापरात असलेल्या एफएफएमपेगमध्ये हार्फबझ नसेल तर देवनागरी विस्कटते, पूर्ण बांधणीचं एफएफएमपेग घेतलं की सुधारते. फॉन्टचंही लायसन्स असतं, हे विसरू नका. मी 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी वापरते. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे व्यावसायिक व्हिडिओत निर्धास्त छापता येतात.

माझ्या आईला गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. तिला कीर्तनं बघायला आवडतात. पेन ड्राइव्हवर व्हिडिओ आणि त्याच नावाची एसआरटी ठेवली, तर घरच्या टीव्हीवर चौकोन उमटले, त्या टीव्हीत देवनागरी फॉन्टच नव्हता. मग तिच्यासाठी ओळी व्हिडिओवरच छापल्या, मोठ्या अक्षरात, काळ्या पट्टीवर. पहिल्या अभंगाला ती पडद्याकडे बघून ओठ हलवू लागली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या ४२ व्या कलमात क्लोज्ड कॅप्शनिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. मराठीत ते इतकं कमी दिसतं, याचं मला वाईट वाटतं.

उणिवा म्हणाल तर मेन्यू भरगच्च आहेत, पहिला महिना गोंधळात जातो. तीनशेहून अधिक सबटायटल प्रकार आहेत, त्यातले मला सहा लागतात. चार-पाच जणांनी एकाच वेळी एका फाइलवर काम करायचं असेल तर विकतची व्यवस्था बघा. एका ठिकाणाहून मराठी सबटायटल्स ईबीयू एसटीएल या युरोपीय प्रसारणातल्या फाइल प्रकारात मागितली गेली, तेव्हा दोन दिवस मी सॉफ्टवेअरमध्येच दोष शोधत होते. तो प्रकार १९९१ चा आहे. त्याच्या अक्षरसारण्या लॅटिन, सिरिलिक, अरबी, ग्रीक आणि हिब्रू एवढ्याच, देवनागरी त्यात नाहीच. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी टीटीएमएल हा दुसरा फाइल प्रकार स्वीकारला.

जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या महिन्याअखेर संपतंय. तीन वर्षांच्या १४० प्रोजेक्ट फाइली त्यात अडकल्या होत्या. गेले दोन रविवार बसून एकेक उघडली, एसआरटीत काढली आणि सबटायटल एडिटमध्ये उघडून पाहिली. १३६ झाल्या आहेत. उरलेल्या चार या रविवारी.