पंक्चरप्रूफ टायर: पुण्याच्या रस्त्यांवर एक पावसाळा आणि एक उन्हाळा

आधी निकाल, मग कारणं. रोज सायकलने ऑफिसला जाणाऱ्याने मागच्या चाकाला जाड रबरी थराचा टायर घालावा. पुढच्या चाकाला पंक्चर अडवणाऱ्या मध्यम पट्ट्याचा हलका टायर पुरतो. आणि आठवड्यातून एकदा हवा मोजून भरायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने या दोन्हींवर पैसे घालवू नयेत.

सायकल साधी हायब्रिड, ७००×३५ मापाची. चालवणाऱ्याचं वजन ७० किलोच्या आसपास, शिवाय मागच्या कॅरियरवरच्या पिशवीत लॅपटॉप, डबा आणि पावसाळ्यात रेनकोट. रस्ता वारज्याहून बायपासच्या सर्व्हिस रोडने चांदणी चौक, बावधन आणि पुढे बाणेर-वाकड. पावसाळा, दिवाळीनंतरचा कोरडा काळ आणि एप्रिल-मेचं ऊन असं सगळं या टायरांवरून गेलं आहे. ‘पंक्चरप्रूफ’ हा दुकानदारांचा शब्द. कंपन्या जपून ‘रेझिस्टंट’ (विरोध करणारा) लिहितात, आणि तेच खरं आहे.

टायर निवडण्याआधी आपल्या वाटेवर पंक्चर नक्की कशाने होतं ते बघायला हवं, कारण प्रत्येक पट्टा प्रत्येक गोष्ट अडवत नाही. बायपासला सगळ्यात वाईट म्हणजे तार. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी जाळीचे बारीक तुकडे रस्त्यावर पडतात आणि गाड्यांच्या वाऱ्याने कडेला सरकतात. सायकलवाल्याची जागा नेमकी तीच. ही तार स्टेपलर पिनेपेक्षाही बारीक, जेमतेम सेंटीमीटरभर लांब. ती टोचते तेव्हा हवा फुस्स होत नाही. संध्याकाळी टायर टणक असतो आणि सकाळी मऊ. मेट्रोची नाहीतर इमारतींची कामं चालू असलेल्या रस्त्यांवर सळ्या बांधायची बाइंडिंग तार सापडते, ती जाड असल्यामुळे निदान दिसते तरी. पेठांतून जाणाऱ्यांनी गणेशोत्सव संपल्यावरचे काही दिवस मांडवाच्या खिळ्यांसाठी राखून ठेवावेत. नदीपात्रातल्या रस्त्यावर बाटल्यांच्या काचा बारा महिने असतात, आणि खडकवासला धरणातून पाणी सोडल्यानंतर तो रस्ता उघडा पडला की गाळात काय काय रुतलेलं असेल याचा नेम नाही.

मोकळ्या प्लॉटच्या कडेने जाणाऱ्यांना सराटा माहीत असेलच. पाऊस संपला की त्याची फळं वाळतात, गळतात आणि कशीही पडली तरी एक काटा वर राहतो. बाभळीचा काटा वेगळा, तो सहज दोन इंची असतो. सरळ उभा घुसला तर त्याच्यापुढे कुठलाच टायर टिकत नाही, मग त्याच्यावर काहीही छापलेलं असो.

आता पट्ट्यांकडे येऊ. बाजारात ढोबळ मानाने दोन जाती आहेत. एक विणलेल्या धाग्यांचा पातळ पट्टा, म्हणजे केव्हलार (एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा) किंवा तत्सम. हा कापलं जाण्याला उत्तम विरोध करतो, म्हणून काचेला चांगला. पण विणलेल्या कापडातून सुई जाते तशी बारीक तार धाग्यांमधून वाट काढते. दुसरी जात म्हणजे ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या) खाली जाड, लवचिक रबराचा थर. तो कापण्याला फार विरोध करत नाही, तो नुसतं अंतर वाढवतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅराथॉन टायरमध्ये हा थर ३ मिमीचा आहे, मॅराथॉन प्लसमध्ये ५ मिमीचा. ५ मिमीचा थर आणि वर ट्रेडचं रबर धरलं, तर सेंटीमीटरभर तारेला ट्यूबपर्यंत पोचायला जवळजवळ उभंच घुसावं लागतं. तिरकी गेली की ती रबरातच संपते. सराट्याचंही तेच. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन पहिल्या जातीतला: पातळ पट्टा, बाजूच्या भिंतीवर वेगळं संरक्षक कापड, वजनाला हलका, काचेला आणि खडीच्या धारेला चांगला. बायपासच्या तारेसाठी मात्र जाड थराला पर्याय नाही.

एक फसगत टाळा. टायरवर ‘केव्हलार’ लिहिलेलं असलं म्हणजे पट्टा केव्हलारचाच, असं नाही. घडीच्या टायरमध्ये कडेच्या पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर असतो आणि तेवढ्यासाठीही ते नाव छापतात. त्याचा पंक्चरशी काडीचा संबंध नाही. टीपीआयचा (कापडातल्या दर इंची धाग्यांचा) आकडाही इथे कामाचा नाही. तो मोठा असेल तर टायर मऊ, हलका आणि पळायला सुरेख, पण संरक्षण त्याने वाढत नाही.

जाड टायरची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पैशात म्हणाल तर साध्या देशी टायरच्या चार-पाच पट. दुसरी किंमत पायांना. ७००×३५ मध्ये मॅराथॉन प्लस ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो, हायब्रिडबरोबर येणारा साधा टायर ६०० च्या आगेमागे. सपाटीवर एकदा वेग धरला की फरक जाणवत नाही. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना आणि चांदणी चौकाच्या चढावर जाणवतो. जाड थर प्रत्येक फेरीत दबतो आणि उठतो, त्यात थोडी ताकद कायम जाते. म्हणूनच दोन्ही चाकांना तोच टायर घालण्यात अर्थ नाही. बहुतेक भार मागे असतो, आणि आडवी पडलेली तार किंवा खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं, तो घुसतो मागच्यात. पुढे हलका टायर ठेवला की हँडल चपळ राहतं आणि मागचं ओझं खपून जातं.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल बरेच जण विचारतात. पट्ट्याचा आणि पकडीचा संबंध नाही, पकड ट्रेडच्या रबराची. टिकाऊपणासाठी रबर कडक ठेवलेलं असेल तर पहिल्या पावसात पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे आणि कामांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा यांवर चाक सरकतं. तिथे वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही, सरळ निघून जायचं. पावसात पंक्चरही जास्त होतात: पाणी काचेला वंगणासारखं काम करतं, ओलं रबर सहज कापलं जातं.

मापाची बाब थोडक्यात, पण चुकली तर टायर परत करायला जावं लागतं. इंचांवर जाऊ नका. टायरच्या भिंतीवर ३७-६२२ असा जोडआकडा असतो, त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळला पाहिजे. ७००सी म्हणजे ६२२. जुन्या काळ्या सायकलचा ‘अठ्ठावीस इंची’ म्हणजे ६३५, तो ७००सी वर बसत नाही. ‘सव्वीस’मध्ये तर गोंधळच आहे: एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) ५५९, जुन्या २६×१⅜ चा ५९०. जाड टायर उंचीलाही वाढतो, तेव्हा मडगार्डखाली आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी मोकळे राहतात ना, ते बघा. नाहीतर चिखलात चाक घासतं.

बसवणं हा खरा कस. जाड थराचा टायर नवा असताना सरळ व्हायला बघतो. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्याला स्क्रूड्रायव्हर लावतो आणि पंक्चर काढता काढता ट्यूबला नवं भोक पाडतो. हे घरी शिकून घ्यावं. रिमची पट्टी स्पोकच्या टोकांवर नीट बसलीय का ते आधी बघा. पंक्चर ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या, अंगाला असेल तर दोषी टायर नव्हे, ही पट्टी. टायरची एक कड पूर्ण आत घाला. ट्यूबमध्ये ती गोल होण्यापुरती हवा भरा, हाताने टाल्कम पावडर चोळा, व्हॉल्व्ह भोकातून काढा. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशीच ठेवा, याचा उपयोग पुढे सांगतो. दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोब्बर समोरून आत ढकलायला सुरुवात करा आणि दोन्ही हातांनी सरकत व्हॉल्व्हपाशी शेवट करा. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. कड त्या खोलात उतरली की दुसऱ्या बाजूला ढील मिळते. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा बुंधा मध्ये येतो, तिथे कड खोलात जाऊच शकत नाही. म्हणून ती जागा शेवटची.

शेवटची सात-आठ इंच कड हटून बसते. इथे जोर लावू नका. चाक पायांत धरा, आधी बसलेली कड सगळीकडून चिमटीत दाबून खोलात उतरवत या आणि मिळालेली ढील शेवटाकडे सरकवा. बसलेला भाग परत बाहेर येत असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी रिमभोवती बांधून ठेवा. कडेला साबणाचं पाणी लावलं की बहुतेक वेळा अंगठ्यांनीच काम होतं. लिव्हर (कड उचकटायची पट्टी) लागलाच तर प्लॅस्टिकचा, आणि टोकाखाली ट्यूब नाही याची खात्री करून. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा, चाक फिरवा. भिंतीवरची बारीक रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडाली असेल तर हवा सोडून तिथे साबणपाणी लावा आणि पुन्हा भरा.

हवेचं गणित. ३७ मिमीच्या टायरवर साधारण ५० ते ८५ पीएसआयची मर्यादा छापलेली असते. वर सांगितलेल्या वजनाला मागे ६५, पुढे ५० बरं पडतं. कमी हवेत खड्ड्याची कड टायरला रिमपर्यंत दाबते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. हे पंक्चर कुठलाही पट्टा थांबवू शकत नाही, कारण बाहेरून काही टोचलेलंच नसतं. डांबराचे थरावर थर चढून खाली गेलेली चेंबरची झाकणं हे काम फार इमानाने करतात. उलट ८५ ला फुगवलेला टायर बारीक काचेवरून वळून जात नाही, तिच्यावर आदळतो, आणि मणक्यांनाही त्रास. पंप उभा आणि गेजवाला घ्या. पेट्रोल पंपावरचं मशीन मोटारच्या तिशी-पस्तिशीसाठी लावलेलं असतं. साध्या व्हॉल-ट्यूबच्या (आत रबरी नळी असलेल्या देशी) व्हॉल्व्हवर गेज नीट दाब दाखवत नाही, म्हणून ट्यूब मोटारवाल्या व्हॉल्व्हची घ्यावी. उन्हात उभ्या सायकलचा टायर फुटेल ही भीती मात्र अवास्तव आहे: हवा २० अंशांनी तापली तर ६० चे ६५ होतात, चांगल्या टायरला त्याचं काही नाही.

दर आठवड्याला हवा भरताना टायरवरून नजर फिरवा. या मापाचं चाक किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेऱ्या मारतं. रुतलेला काचेचा कण आज ट्यूबपर्यंत पोचलेला नसतो, पण प्रत्येक फेरीत तो आत ठोकला जातो. जाड टायरमध्ये त्याला काढून टाकायला बरेच दिवस हाताशी असतात, हाच त्याचा मोठा फायदा. चिमट्याने किंवा नेलकटरच्या टोकाने कण उपसून काढायचे.

तरीही पंक्चर झालंच, तर ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघा आणि टायरवर नावापासून तेवढंच अंतर दोन्ही दिशांनी मोजा. अपराधी तिथेच असतो. तार बोटांना लागत नाही, लागली तर रक्त काढते. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे तार. ती न काढता नवी ट्यूब घातली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि शिव्या बिचाऱ्या टायरला. पॅच लावताना ट्यूब पॉलिशपेपरने खरखरीत करा, सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि चार-पाच मिनिटं थांबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो.

टायरमध्ये घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, म्हणजे लायनर, स्वस्त उपाय म्हणून सुचवले जातात. अडवतात चांगलं, पण जिथे दोन टोकं एकमेकांवर येतात तिथली धार ट्यूब घासून भोक पाडते. टोकं गोल कापून पॉलिशपेपरने घासल्याशिवाय घालू नका. ट्यूबमधलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) बारीक भोकांना ठीक, मात्र पुण्याच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, आणि एकदा घातलं की त्या ट्यूबवर पॅच धड बसत नाही.

मागचा टायर मधोमध सपाट होत आला की ट्रेडचं रबर पातळ झालेलं असतं, आणि तारा पुन्हा आत यायला लागतात. मॅराथॉन प्लसमध्ये ट्रेडखालून निळा थर दिसू लागला की तो बदलायचा, चालतोय म्हणून ओढायचा नाही. दुकानात नवा घेताना भिंत वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तो बराच काळ पडून असलेला माल आहे, सवलत कितीही देवोत. एक जादा ट्यूब बरोबर असू द्या, पण सुटी नको. पिशवीत लिव्हर आणि पान्यांशी घासून तिलाच भोक पडतं. जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवा.