आईचे वृद्धाश्रमातले आठ महिने: आमचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला गोव्यात बार्देशमधल्या एका खाजगी वृद्धाश्रमात ठेवलं, आता फेब्रुवारी उजाडला. आश्रमाचं नाव लिहीत नाही. आई अजून तिथंच आहे, आणि माझ्या निम्म्या तक्रारी त्यांनी निस्तरल्यासुद्धा. पण आम्ही जागा शोधत होतो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आई 81 वर्षांची. पार्किन्सनला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी डिचोलीच्या घरी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन झालं. आम्ही पणजीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीवाले. घरी बाई ठेवून पाहिली, चार महिन्यांत तीन बदलल्या. प्रोव्हेदोरिया ही गोवा सरकारची निराधारांसाठीची संस्था, तिच्या आश्रमाचा विचार आला होता, पण तिथली खाट निराधार माणसाला मिळावी, हे आमचं आम्हालाच पटलं. मग खाजगी. महिन्याला 34,000, अनामत एक लाख. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. खरा आकडा 42,000 च्या खाली कधी आला नाही.

पाहायला गेलो तेव्हा दारात चाफा, लादी आरशासारखी, मॅनेजरबाई गोड बोलणाऱ्या. मी काय विचारलं, तर ‘मासळी देता ना?’ रात्री जागं कोण असतं, हे विचारायचं सुचलंच नाही.

मासळी देतात, आणि जेवणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सकाळी पोदेराचा पाव, साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, बांगड्याचे काटे काढून. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. आईचं वजन दोन किलो वाढलं.

घोळ गोळ्यांचा झाला. पार्किन्सनची गोळी तिला सात, अकरा, तीन, सात अशी लागते, आणि जेवणाआधी निदान अर्धा तास. मासे, डाळ, दूध यांच्याबरोबर पोटात गेली तर तिचा गुण नीट येत नाही. आश्रमात औषधांची ट्रॉली फिरते ती नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्याबरोबर. चौथी वेळ त्यांच्या दिवसात बसतच नव्हती. तीनची गोळी कधी दीडला कडीबरोबर जायची, कधी पाचला. साडेतीनला फिजिओथेरपिस्ट यायचा तेव्हा आई लाकडासारखी ताठ. त्यानं वहीत लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ दोन महिने हे वाक्य मी वाचत होते आणि आईलाच समजावत होते, जरा प्रयत्न कर म्हणून. त्याची अजून लाज वाटते. शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडून चार वेळा वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणल्या, एक गजराचं घड्याळ आणलं आणि खाटेशेजारी ठेवलं. आठवड्याभरात आई वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत गेली.

व्हरांड्यावरून आठवलं. सांभाळणाऱ्या मुली बहुतेक झारखंड-ओडिशाच्या, बोलणं हिंदीत. आईची हिंदी टीव्हीपुरती, आणि पार्किन्सननं आवाज बारीक झालेला. पहिल्याच आठवड्यात तिनं मुलीला सांगितलं, ‘भायर वचपाचें आसा,’ म्हणजे संडासला जायचंय. मुलीला ‘बाहर’ कळलं. तिनं आईला व्हीलचेअरवर बसवलं, शाल गुंडाळली आणि बागेत नेऊन पाऊस दाखवला. पुढं काय झालं ते सांगायला नको. आई आता हसून सांगते, तेव्हा तीन दिवस जेवली नव्हती. मग मी पुठ्ठ्यावर देवनागरीत पंधरा शब्द लिहून भिंतीला लावले: उदक, दुखता, भायर, कूस, कवळी. समोर हिंदी. मॅनेजरबाईंना आवडलं, त्यांनी प्रती काढून सगळ्या खोल्यांत लावल्या.

जुलैत वीज जायची तशी जायची, कधी कधी रात्रभर. आईला हवेची गादी आहे, पंपावर चालणारी, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून. इन्व्हर्टर होता, दिवे-पंखे चालू राहायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही की खाटेमागचा प्लग इन्व्हर्टरवर नाही. पंप बंद, गादी हळूहळू चपाती. रविवारी मी तिचं लुगडं बदलताना माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटानं दाबला तरी पांढरा होईना. असा डाग म्हणजे बेडसोरची पहिली पायरी, कातडी फुटायची तेवढी बाकी. तेव्हा मी आरडाओरडा केला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला आणि तसे चार प्लग इन्व्हर्टरवर घेतले. डाग जायला तीन आठवडे लागले.

सप्टेंबरात आईला ताप आला म्हणून मी भेटीची वेळ सोडून रात्री साडेनऊला गेले. आई झोपली होती. टेबलावर कूस बदलल्याची वही होती. दहा, बारा, दोन, चार, चारही रकान्यांत सह्या. एकाच पेनानं, एका दमात. घड्याळात साडेनऊ आणि वहीत पहाटेचे चार वाजलेले! मी फोटो काढला. मग हिशेब विचारला: 22 माणसं, दोन मजले, रात्री दोघीजणी. आईच्या मजल्यावर पाच जणांना आपणहून कूस बदलता येत नाही, आणि आईला वळवायचं तर दोघी लागतात, म्हणजे तेवढा वेळ खालचा मजला रामभरोसे. सही करणाऱ्या मुलीवर रागवून काय उपयोग? त्या मजल्यावर ती सकाळी आठपर्यंत एकटीच होती. ऑक्टोबरपासून रात्री तिसरी बाई ठेवली आहे. मी अधूनमधून अवेळी जाते, आणि मी येते हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्या तापाचं सांगायचं राहिलं. आई दोन दिवस असंबद्ध बोलत होती, वारलेल्या आजीला हाका मारत होती. नर्स म्हणाली, वयामुळं होतं. तिला आंघोळ घालणारी झारखंडची मुलगी, वय असेल बावीस, मला जिन्यात गाठून म्हणाली, ‘दीदी, पेशाब में बास आती है.’ तपासणी केली, लघवीचा संसर्ग निघाला, अँटिबायोटिकनं पाच दिवसांत आई ताळ्यावर. म्हाताऱ्या माणसांत हा संसर्ग असाच डोक्यात गेल्यासारखा दिसतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज तेच शरीर धूत होती, एवढंच. आईची वेणी घालून त्यात अंगणातल्या अबोलीचा गजरा माळायची. नोव्हेंबरात ती गेली, दुसरीकडे तीन हजार जास्त मिळत होते. त्यानंतरचे पंधरा दिवस पुन्हा जूनसारखे. आमच्याकडून 34,000 घेणाऱ्यांना तीन हजार जड झाले!

खरं सांभाळलं ते शेजारच्या खाटेवरच्या आंटीनं. मुलगा इंग्लंडात स्विंडनला, सून तिथंच, दयानंद योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या मासिक मदतीचे, 2000 रुपये ती पर्समध्ये घडी करून ठेवते. दोघींची कोंकणी जुळली. आईचं बोट रात्री घंटेपर्यंत पोचत नाही, म्हणून आंटी आपली घंटा दाबते, कुणी येईपर्यंत दाबत राहते. संध्याकाळी तिची तेर्स, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, चालते, आई ‘गोमन्तक’ चाळते. मराठी पेपर आश्रमात येत नव्हता, मागितल्यावर लगेच सुरू केला. चतुर्थीला आईला दोन दिवस डिचोलीला नेलं, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आंटी एकटी आसा.’

कायद्याचंही बघितलं. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निराधारांसाठी जिल्ह्यागणिक 150 जणांच्या आश्रमाबद्दल बोलतो, पण रात्री किती माणसांमागं किती बाया हव्यात याबद्दल त्यात अवाक्षर नाही. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, नंबर आंटीच्या फोनमध्येही घालून दिलाय. वापरायची वेळ आली नाही.

एप्रिलपासून 2,500 वाढवणार आहेत. नव्या करारात ‘रात्री वरच्या मजल्यावर दोन, खाली एक’ असं लिहून मागितलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, असं आम्ही कुणालाच लिहून देत नाही. मी म्हटलं, मग माझ्यापासून सुरू करा. कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे.