स्टेंटच्या ताणाचं मॉडेल: सरळ नळी घ्यावी की रुग्णाची धमनी?

अरुंद झालेल्या धमनीत बलून फुगवून स्टेंट (तिला उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसवला की ताण दोन ठिकाणी येतो, स्टेंटच्या धातूत आणि धमनीच्या भिंतीत. यातला कुठला ताण हवा आहे हे आधी पक्कं करा. ते न ठरवता रुग्णाच्या स्कॅनवरून मेश (संगणकावरच्या हिशेबासाठी आकाराचे केलेले बारीक तुकडे) बांधायला घेतलं, तर महिनोन्‌महिने जातात आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं मिळतं.

स्टेंट थकून तुटेल का, हा प्रश्न असेल तर धमनीऐवजी धरलेली सरळ नळी पुरते. धातूचे गुणधर्म नीट मोजलेले असतात, आणि रचना तीच तीच फिरून येत असल्याने बऱ्याचदा एका तुकड्यावर भागतं. फक्त क्रम मोडू नका: आधी स्टेंट बलूनवर दाबून बसवणं, मग फुगवणं, मग बलून काढल्यावरचा रिकॉइल (स्टेंटचं थोडं परत आकसणं) आणि शेवटी नाडीचे ठोके. दाबून बसवतानाच धातू कायमचा वाकतो आणि तो ताण आत राहतो. ती पायरी गाळली की पुढचा थकव्याचा हिशेब डळमळतो. हिशेबही लहान नाही, 10 वर्षांचे ठोके साधारण 40 कोटी होतात.

भिंतीला किती इजा होईल, हा प्रश्न मात्र अवघड. धमनी सुरुवातीला मऊ असते आणि ताणत नेली की कोलॅजनचे तंतू सरळ होऊन झपाट्याने कडक होते. म्हणून एकाच इलास्टिक मोड्यूलसवर (कडकपणाच्या एका ठरलेल्या आकड्यावर) चालणारं मॉडेल इथे बाद समजा. मूनी-रिव्हलिन पद्धतीचं हायपरइलास्टिक (रबरासारख्या खूप ताणल्या जाणाऱ्या पदार्थाचं) मॉडेल सोपं आहे, पण त्याला तंतूंची दिशा कळत नाही. होल्झाफेल, गासर आणि ऑग्डेन यांचं 2000 सालचं मॉडेल ती दिशा धरतं. होल्झाफेल यांच्या गटाने 2005 मध्ये मानवी कोरोनरी धमनीचे तिन्ही थर वेगळे करून ताणून पाहिले, तेव्हा सर्वांत कडक निघाला तो आतला थर, इंटिमा. पातळ म्हणून तो सोडून देण्याची सवय त्यामुळे धोक्याची आहे. स्टेंट टेकतो तोही त्याच थराला.

आता रुग्णाची धमनी. तिच्यात वळण येतं, एका बाजूला साचलेला प्लाक (भिंतीवरचा चरबीयुक्त थर) येतो, कॅल्शियम येतं, आणि ताण नेमका तिथेच एकवटतो. हे सरळ नळीत कधीच दिसणार नाही. पण प्रतिमांची मर्यादा ध्यानात असू द्या. ओसीटी (धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेली प्रतिमा) 10 ते 20 मायक्रॉनपर्यंत बारीक दाखवते, पण जाड चरबीमागची भिंत तिला दिसत नाही. आयव्हसला (आतूनच घेतलेल्या अल्ट्रासाउंडला) खोलवरचं दिसतं, पण ढोबळ. शिवाय दोन्हींतून हाती येतो तो मुख्यतः आकार. प्लाक किती कडक आहे हे आकडे दुसऱ्याच माणसांच्या नमुन्यांवरून घेतलेले असतात. ‘रुग्णनिहाय’ म्हटलेलं मॉडेल बहुतेकदा आकारापुरतंच त्या रुग्णाचं असतं.

दोन स्टेंटच्या रचनांची तुलना करायची असेल तर मी निःसंकोच सरळ नळी घेईन. एकच गोष्ट बदलता येते आणि फरक कशामुळे पडला हे छातीठोकपणे सांगता येतं. तिथे बलूनऐवजी फुगत जाणारा दंडगोलही चालतो. स्टेंटच्या आत थेट दाब लावणं टाळा, कारण धातू एकदा कायमचा वाकू लागला की दाबातल्या जराशा वाढीने व्यास एकदम सुटतो. टोकांजवळची इजा पाहायची असेल तर घडी घातलेला बलूनच घ्यावा लागेल. टोकं आधी उघडतात, ते दंडगोलात येत नाही.

कुठलंही मॉडेल घेतलं तरी सर्वाधिक ताणाचा एकच आकडा उचलू नका. मेश बारीक केली की तो वाढत जाऊ शकतो. भिंतीचा किती भाग ठरावीक ताणाच्या वर गेला, ते पाहा. आणि रुग्णाची धमनी घेतलीच असेल, तर प्लाकचा कडकपणा एकदा निम्मा, एकदा दुप्पट करून सिम्युलेशन पुन्हा चालवा. त्यात दोन स्टेंटमधला सरस कुठला, हा क्रम उलटला, तर ते उत्तर डॉक्टरांच्या हातात देऊ नका.