ओलं करून घडवलेलं सुरीचं म्यान : काही महिने वापरल्यानंतर

म्यान उलटं धरून झटकलं तरी सुरी निसटत नाही आणि अंगठ्याने जरा रेटलं की टक् करून सुटते. काही महिने रोज पट्ट्यावर वागवूनही ही पकड ढिली पडलेली नाही, कारण ती पात्यावर नाही, मुठीवर आहे. चामडं मुठीच्या फुगीर भागाच्या थोडं पुढेपर्यंत चढवलंय आणि तिथेच दाबून बसवलंय. पात्यावर आवळलेली म्यानं नवी असताना घट्ट वाटतात खरी, पण दर वेळी धार आतून चामडं खरवडते. म्यान सैल होतं आणि पात्यावर चरे उठतात ते वेगळेच.

चामडं 3 मिमी जाडीचं, व्हेज-टॅन, म्हणजे झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं. क्रोम-टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) इथे कामाचं नाही, वाळल्यावर ते दिलेला आकार सोडतं. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये त्याच चामड्याची पट्टी चिकटवून वरून 0.8 मिमीच्या मेणदोऱ्याने, 4 मिमी अंतरावर, दोन सुयांची शिवण. ही मधली पट्टी गाळली तर सुरी आत सरकवताना धार थेट दोऱ्यावर येते.

ओलं करण्याचं काम शिवणीनंतर. पाणी कोमट, हाताला सहज सोसेल एवढंच. कढत पाण्यात चामडं आकसतं आणि ठिसूळ होतं. बुडबुडे यायचे थांबत आले की बाहेर काढायचं, पण लगेच दाबायला घ्यायचं नाही. चिंब चामड्यावर उमटलेली रेघ पुन्हा भरून येते. वरचा मूळ रंग परतू लागला, हाताला मात्र अजून गार लागतंय, ती वेळ बरोबर. सुरीला क्लिंग फिल्मचा एक घट्ट वेढा आणि धारेवर टेप हवाच. ओल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. वेढे जास्त झाले तर तेवढंच म्यान सैल बसतं. दाबायला गुळगुळीत हाड किंवा गोल टोकाचं लाकूड घ्यावं आणि नखं आधी कापावीत; ओल्या चामड्यावर नखाची चंद्रकोर कायमची राहते.

आकार धरला की सुरी काढून घ्यावी, नाहीतर आतली ओल अडकते. मग सावलीत निदान एक दिवस. हेअर ड्रायर किंवा ऊन दाखवलं की चामडं काळवंडतं, पुढे मुडपताना तडकतं.

कडा घोटायच्या त्या वाळल्यावरच, आधी घोटलेल्या कडा भिजल्यावर उकलतात. 120, 220, 400 अशा क्रमाने पॉलिश पेपर, कोपरे गोल, पाण्याचा हलका हात, लाकडाने घासणी, शेवटी मधमाशीचं मेण. असं केलेल्या कडा अजून चकचकीत आहेत. फक्त तोंडाशी, जिथे मूठ घासते, तिथे पुन्हा एकदा मेण लावावं लागलं.

खरी गफलत तेलात होते. नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्यासाठीचं तेल) एकच पातळ हात पुरतो. तेल मुरवत बसलं तर चामडं मऊ पडतं आणि घडवलेली पकडच जाते. गरम मेण जिरवणं हा दुसरा टोकाचा उपाय: म्यान टणक होतं, पाणीही फारसं धरत नाही, पण पुढे पकड ढिली झाली तर तोंड ओलं करून पुन्हा दाबता येत नाही. पातळ तेलाच्या म्यानाला ही सोय राहते, म्हणून मत त्यालाच. रंग दिला असेल तर तेलाआधी कोरड्या कापडाने उतरेल तेवढा उतरवून घ्यावा, नाहीतर फिक्या पँटवर उतरतो.

टोकाशी 4 मिमीचं भोक ठेवणं फायद्याचं ठरलं. पावसाचं पाणी साचत नाही आणि आत गेलेली माती झटकून टाकता येते. कार्बन स्टीलची (सहज गंजणाऱ्या पोलादाची) सुरी मात्र दमट हवेत म्यानात ठेवून देऊ नये. चामडं ओल धरतं आणि पात्यावर गंजाचे ठिपके येतात. काम झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून ती बाहेरच ठेवावी.