'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग': एलपी, सीडी, डीव्हीडी-ऑडिओ की स्ट्रीमिंग?

किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडचा हा पहिला आल्बम (१९६९) इतक्या रूपांत मिळतो की 'कुठल्या फॉरमॅटचा आवाज सरस?' असं विचारण्याआधी 'कुठलं मास्टर?', म्हणजे प्रती कुठल्या अंतिम मुद्रणावरून काढल्या, हे विचारावं लागतं. मूळ स्टीरिओ मास्टर टेप बरीच वर्षं सापडत नव्हती. त्यामुळे मधल्या काळातल्या कित्येक एलपी आणि सुरुवातीच्या सीडी कॉपीच्या कॉपीवरून निघाल्या. दर कॉपीगणिक टेपची सळसळ वाढते आणि सिंबलची धार बोथट होते. टेप मिळाल्यावर तिच्यावरून २००४ चं रीमास्टर (मूळ मिक्स तेच, फक्त नव्याने तयार केलेलं मास्टर) आलं. २००९ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिपबरोबर मल्टिट्रॅकवरून (वाद्यं सुटी मुद्रित केलेल्या टेपवरून) अख्खं मिक्स नव्याने केलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा एकदा. रीमास्टर आणि रीमिक्स एकमेकांसमोर ठेवून 'हाय-रेझ (सीडीपेक्षा बारीक मोजणीचं डिजिटल रूप) किती स्वच्छ वाजतं' म्हणणारे खरं तर दोन वेगळी मिक्स ऐकत असतात.

आपल्या हातात कुठलं मिक्स आहे हे ओळखायची एक सोपी खूण म्हणजे 'मूनचाइल्ड'ची लांबी. मूळ मिक्समध्ये ते १२ मिनिटांच्या थोडं वर जातं, तर २००९ च्या मिक्समध्ये मधला मुक्तवादनाचा भाग छाटल्यामुळे ९ मिनिटांच्या आसपास संपतं (पूर्ण रूप बोनस म्हणून वेगळं दिलं आहे). स्ट्रीमिंगवर मास्टरची माहिती बहुधा नसतेच, तिथे ही खूण फार कामाची.

एलपीवर हा आल्बम कठीण जातो. दोन्ही बाजू २१-२२ मिनिटांच्या, आणि दोन्हींचा सर्वांत भरगच्च भाग, म्हणजे 'एपिटाफ'चा शेवट आणि शीर्षकगीताचा शेवट, थेट आतल्या खाचांत येतो. ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. १० किलोहर्ट्झची लाट तिथे जेमतेम ०.०२ मिलिमीटर लांबीची उरते आणि गोल टोकाच्या सुईला ती नीट वाचता येत नाही. मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कळवाद्याचा थर आणि गायक ग्रेग लेकच्या आवाजातले 'स', 'श' एकदम फाटायला लागतात. एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) किंवा मायक्रोलाइन (अतिबारीक टोकाची) सुई आणि प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायच्या मापपट्टीने) काटेकोर जुळवलेलं कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असेल तर फरक लगेच कळतो. फाटणं फक्त उजव्या चॅनेलमध्ये असेल, तर आधी अँटी-स्केटिंग (सुईचा हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून लावलेला ताण) थोडं वाढवून बघा. आणि 'मूनचाइल्ड'चा कुजबुजता मधला भाग? तिथे रेकॉर्डवरची प्रत्येक टिकटिक हजेरी लावते. जुनी प्रत विकत घेण्याआधी सुई आधी तिथेच टेकवावी.

आकड्यांवर विसंबू नका. एलपीवरून केलेली फाइल डायनॅमिक रेंज मीटरवर (मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर मोजणाऱ्या साधनावर) त्याच मास्टरच्या सीडीपेक्षा काही अंक वर दिसू शकते, कारण कटिंग आणि प्लेबॅकमध्ये फेज सरकतात आणि शिखरं उंचावतात. संगीतातले चढउतार त्यामुळे वाढत नाहीत.

सीडी विरुद्ध २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ हा वाद तर या आल्बमपुरता बराचसा फुकाचा. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची जागा असते. त्या काळच्या टेपची सळसळ ६०-७० डेसिबल खालीच सुरू होते. शिवाय मेलोट्रॉन म्हणजे कळ दाबली की साधारण ८ सेकंद चालणारी टेपची पट्टी, तीही आधीच मुद्रित केलेली. वरच्या सप्तकांत तिथे शोधण्यासारखं फार काही नसतं.

तरीही खात्री करायची असेल तर पद्धत अशी. हाय-रेझ फाइल सॉक्स या ऑडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमने डिदर (बिट कमी करताना मिसळायची अगदी हलकी सळसळ) लावून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर आणा, म्हणजे मास्टर एकच राहतं. दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. हे टाळलं तर किंचित मोठी वाजणारी फाइल हमखास 'जास्त खुली' वाटते. मग फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी (न सांगता वाजवलेली फाइल दोन्हींपैकी कुठली ते ओळखणं) लावा. १६ पैकी १२ बरोबर आल्याशिवाय फरक ऐकू येतो असं म्हणू नये. उतारेही नेमके निवडा: 'आय टॉक टू द विंड'मधली बासरी आणि ड्रमर मायकेल जाइल्सचे सिंबल, आणि 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'मधला सगळ्यांनी एकत्र थांबत-सुटत वाजवलेला भाग. कॉम्प्रेशन (हळू-मोठ्या आवाजातलं अंतर दाबणं) जास्त असेल तर तिथल्या शांततेच्या फटी बुजतात. त्याच गाण्यातला करकरीत गळा मात्र दोष म्हणून मोजू नका, तो मुद्दाम तसा केलेला आहे.

स्ट्रीमिंगवर तुलना करताना नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणं) बंद ठेवा. एमपी३ करून ऐकणार असाल तर प्लेअर गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पाडणारा) आहे ना ते बघा. नाहीतर जोडून वाजणाऱ्या गाण्यांच्या सांध्यात क्षणभर खड्डा पडतो.

विकत घ्यायचं तर २००९ चा सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ संच घ्यावा. नवं मिक्स ऐकताना जाइल्सचे ड्रम पहिल्यांदाच वेगवेगळे सुटे ऐकू येतात. मूळ मिक्सचा एकसंध अंधार त्यात थोडा पातळ होतो हे खरं, म्हणून २००४ चं रीमास्टरही जवळ असू द्यावं. ५.१ (सहा चॅनेलच्या सराउंड) साठी एक खबरदारी: एमएलपी हा लॉसलेस (काहीही न गमावता साठवलेला) ट्रॅक फक्त डीव्हीडी-ऑडिओ वाचणाऱ्या प्लेअरवरच वाजतो. साध्या डीव्हीडी प्लेअरवर त्याच चकतीतला लॉसी डीटीएस ट्रॅक वाजतो, तेव्हा मत बनवण्याआधी डिस्प्लेवर काय लिहून येतंय ते बघून घ्या.